पान सातशे तीन

दादाची दोन बोटं पत्रा कापायच्या यंत्रात गेली. यंत्र कंपनीनेच बनवलेलं, विकायलाही आणि स्वतःच्या कारखान्यालाही. चौकशीत मोठ्या साहेबांनी त्याचं माहितीपुस्तक उघडलं, पान सहाशे बारावर तळाची बारीक ओळ दाखवली आणि म्हणाले, “इशारा पुस्तकात होता. वाचला नाही त्याने.” झालं. सगळं खापर दादावर फुटलं, नोकरी गेली. पातं बदलायची कृती पान चौऱ्याण्णववर होती आणि तिथे इशाऱ्याचा पत्ताच का नव्हता, हे कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

त्याच्या बहिणीला वाटलं. पुस्तकांची पानं लावणं हाच तिचा धंदा. दोन वर्षांनी ती सासरच्या आडनावाने त्याच कंपनीत चिकटली आणि साहेबांना रोज हसून नमस्कार करू लागली. आतून मात्र तिचा जळफळाट चालायचा.

साहेबांनी तिला नवी आवृत्ती सुटसुटीत करायला दिली. जुनी कच्ची पानं चाळताना तिला पान चौऱ्याण्णव सापडलं. इशारा मुळात तिथेच होता, ठळक अक्षरांत. त्यावर लाल काट आणि साहेबांचं अक्षर: ‘इथे नको, गिऱ्हाईक बिचकतं. मागे टाका.’ खाली सही आणि तारीख. तिने ते पान जपून ठेवलं.

मग तिने जीव ओतून काम केलं. इशारा कृतीच्या आधी, चौकटीत आणला. शेवटी सूची जोडली, तीही कामगारांच्या तोंडच्या शब्दांत. कंपनीचा नियम होता की प्रत्येक बदल पुस्तकातच नोंदवायचा: आधी काय होतं, कोणाच्या सांगण्यावरून, आता का बदललं.

“ती बदलांची यादी मागे घाला, बारीक टाइपात,” साहेब म्हणाले. “तिकडे कोण फिरकतं?”

तिने तसंच केलं. पान सातशे तीनवर लाल शेरा शब्दाला शब्द उतरवला, साहेबांच्या नावासकट, तारखेसकट. छपाईआधी साहेबांनी गठ्ठ्याची पानं फडफडवली आणि मंजुरीची सही ठोकली. ती समोरच उभी होती.

पुस्तकं कारखान्यात पोचली. आठवड्याभरात कामगारांच्या पुढाऱ्याने सूचीत ‘बोट तुटणं’ शोधलं. पुढे दोन आकडे होते, चौऱ्याण्णव आणि सातशे तीन. चौकशी पुन्हा उघडली.

साहेबांनी तिला बोलावलं. चेहरा पांढरा पडला होता.

“बाई, हे मला दाखवलं का नाही?”

“पुस्तकात होतं, साहेब. वाचलं नाहीत तुम्ही.”

तेव्हा कुठे त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. नाकडोळे ओळखीचे वाटले असावेत.

आपल्याला थोडं तरी वाईट वाटेल, अशी तिची समजूत होती. अजिबात वाटलं नाही. बाहेर बाकावर दादा इस्त्रीचा शर्ट घालून, डावा हात खिशात घालून बसला होता. शिपायाने चौकशी समितीच्या खोलीचं दार उघडलं आणि या वेळी आधी साहेबांना आत बोलावलं.

“हात बाहेर काढ,” ती दादाला म्हणाली. “त्यांना बघू दे.”