उलटा उतार

आपल्या मुळांकडे परतणं ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत पवित्र यात्रा असते, असं मिस्त्रींच्या मुलाने विमानतळावरून जगाला कळवलं होतं. मुळांपाशी पोचल्यावर त्याने पहिल्यांदा विचारलं ते स्वच्छतागृह कुठे आहे.

मुळं म्हणजे एक कुंपण, तिकीटखिडकी आणि उन्हात भाजणारे पडके खांब. मिस्त्रींचं बालपण ज्या घरात गेलं, तिथे आता बस उभ्या करायचा तळ होता. मिस्त्रींचे वडील या परमुलखात उत्खननावर गवंडी होते. मुलाच्या ऑफिसात मात्र आजोबा ‘पुरातत्त्व क्षेत्रात’ होते. मिस्त्रींनी स्वतः जन्मभर फरश्या बसवल्या. त्याला मुलगा ‘इंटिरियर’ म्हणायचा.

“घर गेलं तर गेलं,” सून म्हणाली. “फोटोला खांब बरे आहेत.”

“हौद असेल,” मिस्त्री म्हणाले. “घरामागे होता. वडिलांनी बांधलेला. तेवढा दाखवतो, मग न्या कुठे न्यायचं तिथे.”

“चाळीस वर्षं ऐकतेय त्या हौदाचं,” बायको म्हणाली. “बघू तरी द्या, सवत दिसते कशी.”

हौद होता. गुडघ्याएवढाच, पण भोवती दोरी होती, पाटी होती आणि शेजारी छत्री धरलेली गाइडबाई होती. तिचं इंग्रजी मुलगा आईबापांसाठी मराठीत आणत होता.

“राणीचं स्नानकुंड. दोन हजार वर्षांपूर्वीचं.”

“कुणाचं?”

“राणीचं, बाबा.”

“अरे, माझ्या बापाने बांधलाय हा! खोदकामातले टाकाऊ दगड चुन्यात बसवून. मी सहा वर्षांचा होतो. बांधकामावर पाणी मारायला मीच होतो. सांग तिला.”

मुलाने हसून बाईला सांगितलं, की वडील अगदी भारावून गेलेत. बाईने छातीवर हात ठेवून मान झुकवली.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग ही वाकतेय कशाला?”

बाईने उत्तरादाखल हौदात बाटलीभर पाणी ओतलं. पाणी निघालं, ते तळातल्या भोकाकडे पाठ फिरवून थेट समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. पर्यटकांनी आ वासला. राणीला त्या कोपऱ्यात चंद्र दिसावा म्हणून स्थपतींनी मुद्दामच तसा उतार दिला होता, असं बाई म्हणाली. असलं गणित आज कुणाला जमणार नाही, ही भर मुलाने पदरची घातली.

मिस्त्रींचा आवाज खाली आला. “चुकला होता तो उतार. उलटा पडला. साहेबाने सगळ्यांदेखत वडिलांच्या हातातली थापी काढून घेतली. आठवड्यात आम्ही सामान बांधलं. तोवर त्या कोपऱ्यातलं पाणी रोज मी मगाने उपसायचो.” त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “चूक सांग तिला, माझी हरकत नाही. पण कुणाची ते सांग.”

“बाबा, प्लीज. लोक बघतायत.”

“ऊन लागलंय त्यांना,” सून म्हणाली.

बायको मघापासून दोरीवर वाकून त्या कोपऱ्याकडे बघत होती.

“खरं बोलतायत हे,” ती म्हणाली.

“आई, आता तू पण?”

“आपल्या बाथरूममध्ये बघ की. मोरी इकडे, पाणी तिकडे. यांनीच बसवलीय ना फरशी? एकतीस वर्षं खराट्याने लोटतेय मी. या घराण्याचा हात मला कळत नाही होय? म्हणे राणी!”

त्या फरशीचा विषय निघाल्यावर मिस्त्रींनी वाद घातला नाही, असं पहिल्यांदाच घडलं. त्यांनी दोरी ओलांडली, हौदाशी उकिडवे बसले, खिशातून रुमाल काढला आणि कोपऱ्यातलं पाणी टिपून घेतलं. सारं टिपून होईपर्यंत उठले नाहीत. रखवालदार शिट्टी वाजवत राहिला.

संध्याकाळी मुलाने फोटो टाकला: ‘बाबा, बालपणीच्या राजवैभवात’. चारशे लोकांना तो आवडला.

परतल्यावर सुनेने बाथरूमचा उतार नीट करायला माणूस बोलावला. बायकोने त्याला दारातूनच परत पाठवलं आणि नवा खराटा आणला.