छापील कागदावरची जबानी

शुक्रवारच्या नमाजानंतर इमामसाहेबांनी अख्खा मोहल्ला नेव्रेसच्या दारावर नेला. विधवेच्या घरात परका पुरुष दिसला, आम्हा इस्तंबूलकरांना एवढं निमित्त पुरतं. बदनाम बाईच्या दाराला फासतात तसं डांबर तिच्या दाराला फासून झालं होतं. मी पहारेकरी, लोखंडी टोकाची काठी माझ्या हाती, म्हणून पुढे मीच.

"शाकिर आगा, फोडा!"

दार फुटलं. बायकांनी नेव्रेसला केसांना धरून अंगणात फरफटत आणलं. भटारखानेवाल्याच्या बायकोने तोंडावर खडाव हाणली, दोन दात पडले. मागून पुरुषांनी त्या माणसाला तुडवत आणलं. चेहरा दिसला आणि मी उगारलेली काठी खाली घेतली. हा तर तिचा भाऊ तेव्फिक! सात वर्षांपूर्वी येमेनच्या पलटणीत गेलेला. मोठ्या आगीनंतर मोहल्ला नव्याने वसला, त्याला ओळखणारा मी एकटाच उरलो होतो. आणि पलटणीतून पळालेल्याला गोळी घालायचं फर्मान कालच ठाण्यावर लागलं होतं.

"कोण गं हा?" इमामसाहेबांनी विचारलं.

"यार आहे माझा!" नेव्रेस रक्त थुंकत ओरडली. "झालं समाधान?"

यार ठरला तर त्याला तीन महिने कैद, तिला हद्दपारी. जीव तरी वाचणार होता.

पूर्वी असली प्रकरणं मोहल्ल्यातच मिटायची. आता सुलतानांच्या सुधारलेल्या राज्यात बदफैलीलाही छापील कागद लागतो. ठाण्याचा कारकून तो घेऊन घामाघूम होत पोचला.

"मारू नका रे, मेला तर कागद कोण भरणार? ए, नाव सांग. हिच्याशी नातं सांग. ज्याचं त्याने तोंडाने सांगायचं, नवा नियम आहे."

तेवढ्यात कुणीतरी नेव्रेसच्या पोटात लाथ घातली. तेव्फिक कोपरांवर उठला.

"सोडा तिला! ती माझी ब..."

मी काठी फिरवली, अंगातलं सगळं बळ लावून. त्याचा जबडा मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत गेला असेल. माणसं "शाबास, आगा!" म्हणून ओरडली. त्यांची किळस आली मला.

कारकून वैतागला. "आता हा बोलणार कसा?"

"महिनाभर तरी नाही बोलणार. हिने सांगितलं तेच लिहा."

त्याने कुरकुरत लिहिलं: यार.

नेव्रेसला हद्दपारीच्या गाडीत कोंबताना तिने मला खुणेने जवळ बोलावलं. ओठ सुजून काळे झाले होते.

"फार लागलं का हो त्याला?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिथेच ढसाढसा रडायला लागली.