पडक्याचा मान

अमृतने गालाला साबण फासला आणि आरसा धरायला आईला हाक मारली. सरुबाई ओले हात पदराला पुशीत आली, खाटेच्या कडेला टेकली आणि आरसा असा वाकडा धरला की त्याला स्वतःच्या तोंडाऐवजी वरची कौलंच दिसायला लागली.

"आई, मी हितं हाय. वर न्हाई."

"वर बघायचीच खोड तुला," ती म्हणाली.

बोलून गेली खरी. मग घाईने आरसा सरळ केला. अमृतने तिला हसून दाखवलं. हसताना साबण नाकात गेला, शिंका आल्या, आणि विषय तेवढ्यावर मिटला. हल्ली त्या घरात बरेच विषय असे शिंकेवर, खोकल्यावर मिटत असत.

"बूट वाळलं का?" त्याने विचारलं.

"चुलीपाशी ठेवल्यात. एवढी बुरशी चडलीती! घासून घासून माजं हात मोडलं." ती आरशाआडून त्याच्याकडे बघत म्हणाली, "आन् कुटं जायचंय रं बूट घालून?"

"सांगितलंय ना तुला. त्या दोरीवरच्या गाडीच्या गावाला."

"खरंच नेत्याल?"

"इर्शादने शब्द दिलाय," अमृत म्हणाला आणि गालावरून वस्तरा ओढला.

होळीच्या आधीच्या रविवारी तो पडला होता. बेडशाच्या डोंगरावरून कितीदा तरी उडालेला माणूस. तळेगावच्या कारखान्यात आठवडाभर लेथवर उभं राहायचं आणि रविवारी घडी केलेलं कापडी ग्लायडर पाठीवर टाकून डोंगर चढायचा. आई दर वर्षी मुली बघायची आणि हा दर वर्षी म्हणायचा, उडायचा हंगाम संपू दे. त्या दिवशी दुपारच्या उन्हाळी हवेत ग्लायडरचा अर्धा पंख मिटला तो उघडलाच नाही. कमरेखालचं सगळं गेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आशा धरू नका. आशा काय, धरायला सांगितली म्हणून धरता येते की सोडायला सांगितली म्हणून सुटते? दवाखान्यात त्याचा उडायचा सोबती इर्शाद उशाशी वाकून म्हणाला होता, "तू फक्त बसायला लाग. दोघांचं ग्लायडर आहे माझ्याकडे. तुला पुढे बांधतो आणि नेतो. बाहेरच्या देशात नेतो." त्या एका वाक्यावर अमृत बसायला शिकला.

बसायला लागल्यापासून त्याने दुसरं काही केलं नव्हतं. फोनवर देश धुंडाळले होते. आधी तो जागा बघायचा तेव्हा डोंगर किती उंच आणि हवा किती वर नेते एवढंच बघायचा. आता तो बघत होता की वर जायला पायऱ्या किती, उतरायचं कुरण सपाट आहे का, आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला उडवायची तिथल्या लोकांना सवय आहे का. शेवटी ऑस्ट्रियातलं एक गाव सापडलं. तिथे रोपवे थेट टेकऑफपर्यंत जात होता आणि खाली उतरायला गालिचा अंथरावा तसं गवत होतं. तिथल्या एका पायलटने चाकाच्या खुर्चीसकट एका म्हातारीला उडवलेलं त्याने फोनवर इतक्या वेळा पाहिलं होतं, की ती म्हातारी आता त्याला नात्यातली वाटत होती. दिवसभर एका जागी बसलं की पाठीला जखमा होतात, विमानात काय होईल, हेही त्याला ठाऊक होतं. पण ते तो मनात आणत नव्हता.

आणि यंदा देश निवडायचा मान त्याचाच होता.

हा मान म्हणजे अमृत, इर्शाद, प्रदीप आणि मानसी या चौघा उडणाऱ्यांची जुनी थट्टा. पावसाळ्यात मावळात उडणं बंद, ग्लायडर माळ्यावर. मग श्रावण सरता सरता चौघं एकत्र बसायचे आणि हंगामात जो सगळ्यात वाईट पडला असेल त्याला टॉवेल-टोपी-नारळ द्यायचे. पडक्याचा मान! लग्नात मानकऱ्याला देतात तसा. बदल्यात पुढच्या सुट्टीत उडायला कुठल्या देशात जायचं ते त्याने सांगायचं. बाकीच्यांनी भरपूर कुरकुर करायची, पण मानकऱ्याचा शब्द मोडायचा नाही. प्रदीप करवंदीच्या जाळीत अडकला त्या वर्षी सगळे नेपाळला गेले. मानसी म्हशींच्या डबक्यात उतरली त्या वर्षी व्हिएतनामला. यंदा कुणी बैठकीचं नावच काढेना, तेव्हा अमृतनेच फोन केला, "मान माझा आहे. बुडवता काय?"

दुपारी तिघं आले. देहूरोडच्या डेपोत नोकरीला असलेला प्रदीप नेहमीसारखा दारातूनच ओरडत आला. मागून मानसी; ही लोणावळ्याच्या शाळेत शिकवायची आणि उडायला अमृतकडून शिकली होती. सगळ्यात शेवटी इर्शाद आला. कामशेतच्या बाजारात त्याचं ताडपत्री शिवायचं दुकान, चौघांची फाटकी ग्लायडरंही तोच शिवायचा. त्याने सरुबाईच्या हातात नानकटाईचा पुडा दिला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसला. खाटेजवळची खुर्ची रिकामीच राहिली.

"मानकरी दाढी करून तयार!" प्रदीपने टॉवेल झटकून अमृतच्या खांद्यावर टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला. "बोला पाटील, कुठे न्यायची वरात?"

"घाई कशाला? सगळ्या जागा नीट बोलू," अमृत म्हणाला. त्याला ते नाव सगळ्यात शेवटी काढायचं होतं. लहान पोर मुठीत चिंच लपवतं तसं त्याने ते दडवून ठेवलं होतं. "नेपाळ झालं. कोलंबिया लांब पडतं. मग राहतं जॉर्जिया आणि... अजून एक आहे. आधी जॉर्जियाचं बोलू. डोंगर चांगले आहेत, लोक मायाळू आहेत, व्हिसाची फार कटकट नाही. पण जीप अर्ध्यातच सोडते, पुढे चढण आहे. आणि नदीकाठी उतरायचं तर तिथे विजेच्या तारा आहेत म्हणे."

"तारा डाव्या हाताला, दादा," मानसी पटकन म्हणाली. "चर्चवरून आलं की उजवीकडे वळायचं, मग पॉप्लरच्या झाडांच्या रांगेला धरून..."

बोलता बोलता तिचा उजवा तळवा जमिनीला समांतर झाला, उजवीकडे कलला, पुढे सरकला आणि हवेतच थांबला. तिने हात मांडीवर घेतला.

प्रदीपला ठसका लागला. इर्शाद खाली बघत होता.

तळहाताचं ग्लायडर करून उतरणं पाठ करायचं, हे अमृतनेच तिला शिकवलं होतं. आणि त्यासोबत एक नियम. जिथे जायचं ठरलं, त्याच जागेचं उतरणं पाठ करायचं, दुसऱ्या कुठल्याच नाही. दहा जागा डोक्यात भरल्या की ऐन वेळी भलतीच आठवते आणि माणूस तारेत जातो. मानसी हा नियम देवाज्ञेसारखा पाळायची.

"आणि वारा कधी फिरतो रे तिथे?" अमृतने प्रदीपला सहज विचारावं तसं विचारलं.

"दुपारनंतर. दरीतून जोर येतो, म्हणून आपण सकाळीच..." प्रदीप थांबला. "म्हणजे, असं वाचलं होतं कुठेतरी."

"ऑस्ट्रियात?"

"ऑस्ट्रिया? काही कल्पना नाही बुवा."

मानसीनेही मान हलवली.

अमृतला कळलं. जॉर्जियाची तिकिटं निघाली होती, त्याला सोडून. केव्हाच निघाली असतील, तो दवाखान्यात पाठीवर पडून, मोजायला कौलंही नव्हती अशा छताकडे बघत होता तेव्हा. आता टॉवेल-टोपी घेऊन आले होते त्याची समजूत घालायला. तो जे नाव घेईल त्याला हो म्हणायचं, मग महिन्याभराने व्हिसाचं नाहीतर रजेचं काहीतरी निमित्त सांगायचं. आजाऱ्याला खोटंखोटं पत्त्यात जिंकू द्यावं तसं.

त्याला राग आला. असा राग की हातातला नारळ भिंतीवर फोडावा. म्हणावं, ऑस्ट्रिया! मानकऱ्याचा शब्द आहे, मोडा पाहू. मग बघावं कोण कुणाच्या तोंडाकडे बघतं ते. एका शब्दाचं काम होतं.

तेवढ्यात सरुबाई चहाचे कप घेऊन आली.

"सांगितलंस का रं त्यास्नी? त्या दोरीवरल्या गाडीचं?"

"कसली गाडी, मावशी?" इर्शादने मान वर केली.

"आई, चहा गार होतोय," अमृत म्हणाला.

"आत्ताच तर चुलीवरनं..."

"आई."

कप देता देता तिने एकेकाचं तोंड बघितलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

अमृतने चहा बशीत ओतला. समोर मानसी बसली होती, डोळे भरलेली, आता रडते की मग रडते अशी. हिने दवाखान्यात त्याला चमच्याने पेज भरवली होती. प्रदीपने वर्षाची सगळी रजा त्याच्या उशाशी घालवली होती. इर्शादने तर दुकानाला कुलूप लावून त्याला पोरासारखं उचललं, धुतलं होतं. ही माणसं वाईट नव्हती. ती फक्त उडणारी होती, आणि उडणारं माणूस किती दिवस खाटेशी बसणार? तो स्वतः तरी बसला असता का? त्याने मनाशी खरं उत्तर दिलं. नसता बसला.

"जॉर्जिया," तो म्हणाला.

खोलीतली हवा बदलली. प्रदीपचा श्वास सुटलेला ऐकू आला. मग त्याला रिवाज आठवला आणि तो दोन्ही हात नाचवत ओरडला, "छे छे! जॉर्जिया काय? तिथे भाकरी तरी मिळते का? नको बाबा!"

"मीही नाही येणार," मानसी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "थंडी असते तिकडे."

"काय कुरकुर करायची ती करा. मान माझा आहे."

इर्शादने कुरकुर केली नाही. तो स्टुलावरून उठला, खाटेजवळच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसला.

"तुझ्या मनात दुसरं होतं," तो हळू म्हणाला. "अमृत, ऐक, मी तुला सांगणारच होतो..."

"मानकऱ्याचा शब्द मोडायचा नाही."

"मी शब्द दिला होता रे तुला."

"दिला होतास म्हणून तर बसतोय," अमृत म्हणाला. "त्याचं काम झालं."

बाहेर धुकं दारापर्यंत उतरलं होतं, डोंगरावरच्या लेण्यांकडे चढणाऱ्या पोरांचा गलका मधूनच ऐकू येत होता. प्रदीप उगाच नारळाची शेंडी सोलत बसला. मग सगळे एकदम उठले, निघण्याची गडबड झाली, आणि दाराशी इर्शाद चपला शोधायला लागला.

"पाय किती नंबर तुझा?" अमृतने विचारलं.

"काय?"

"माझाच असेल. आई, बूट आण."

सरुबाई हलली नाही. तिने लेकाकडे पाहिलं. मग इर्शादकडे पाहिलं. मग आत गेली आणि चुलीजवळचे बूट घेऊन आली. दोन्ही हातांत धरून आणले, ऊन होते अजून.

"जीप सोडली की चालायला लय आहे तिकडे," अमृत म्हणाला. "तुझे फाटलेत. घाल."

इर्शाद उंबऱ्यावर बसला. बूट घातले. नाडी बांधताना त्याची बोटं चुकत होती. बाजारात दिवसभर सुई चालवणारी बोटं, पण साधी गाठ बसेना. शेवटी सरुबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनेच दोन्ही नाड्या बांधल्या, घट्ट, लहान पोराला शाळेत धाडताना बांधतात तशा.

"चिखलातनं नको जाऊ," ती म्हणाली. "आत्ताच वाळिवल्यात."