द्वारकेचा ठसा

मला वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी कुजबुजायला नको. पण रत्नागिरी बंदरातून मुंबईला जाणाऱ्या आंब्याच्या निम्म्या पेट्यांवर माझ्याच हातचे ठसे उमटतात. अक्षर ओळखायची गरजच काय? गिऱ्हाईक पातळ कागदावर नाव लिहून देतं. मी तो कागद शिसवाच्या तुकड्यावर पालथा चिकटवतो, वरून तेलाचं बोट फिरवतो. उलटी अक्षरं दिसू लागली की त्यांच्या कडेकडेनं कोरत जायचं. सखाराम मेस्त्रीचा ठसा चुकला, असं आजवर कुणाची म्हणायची छाती झाली नव्हती.

शिमग्याला हरिभाऊ रेडीज दुकानात आले. मुंबईत पेढीवर कारकून, वर्षातून दोनदा घरी. म्हणाले, "मेस्त्री, आमच्या मंडळींकडे चाळीसेक पुस्तकं आहेत. लोक नेतात ती परत येत नाहीत. पहिल्या पानावर मारायला नावाचा एक नाजूक ठसा करून द्या." कागद माझ्या हाती ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आगबोटीनं गेले.

पुस्तकावर ठसा! पुस्तक म्हणजे काय आंब्याची पेटी? तरी मला ते काम आवडलं. भोवती जाईची वेल काढायची, असंही मी ठरवलं.

कागद चिकटवणार तोच त्यांची बायको, कमळाबाई, मोलकरणीला घेऊन दारात उभी. पदराआडून तिनं दुसराच कागद काढला.

"मेस्त्री, हा कोरा. तो नको."

"त्याच्यावर काय आहे नि ह्याच्यावर काय?"

"त्याच्यावर कमळा, आणि पुढे... ते नाव मी कसं घेऊ? ह्याच्यावर नुसतं द्वारका."

"ही द्वारका कोण?"

"मीच. लग्नाआधीची. वडील चिपळूणला मास्तर होते. ही पुस्तकं त्यांनी मला घेतली, वाचली ती द्वारकेनं. मग इथे ताटातल्या तांदळात अंगठीनं कमळा लिहिलं. वडील गेले, आणि द्वारका म्हणणारं माणूसच उरलं नाही. पुस्तकांवरही कमळाच आली, तर द्वारका होती कशावरून?"

"मग कमळा कोण?"

"तीही मीच."

माझं डोकं भणाणलं. आमच्या धंद्यात एका बागेची एक खूण. एकाच मालावर दोन खुणा दिसल्या, तर मुंबईचा दलाल पेटी बाजूला टाकतो. इथे माल एक, खुणा दोन, आणि बाई तर एकच! काम सांगितलं नवऱ्यानं, पुस्तकं बायकोची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोन्ही कागद आठ दिवस पाटावर पडून होते, आणि मी येताजाता त्यांच्यावर डाफरत होतो. शेवटी म्हटलं, माल ज्याचा, खूण त्याची. द्वारकेचा कागद चिकटवला. बरोबर केलं की चूक, देव जाणे.

ठसा न्यायला येताना तिनं एक पुस्तक आणलं होतं. तिथंच शाई लावून पहिल्या पानावर ठसा दाबला आणि बघत राहिली. डोळे भरून आले तिचे. मला मेलं त्यातली नुसती वेलच कळली.

गणपतीला हरिभाऊ आले, ते तणतणतच.

"मेस्त्री, कुणाचा ठसा कुणाला दिलात? घरातल्या सगळ्या पुस्तकांवर परक्या बाईचं नाव! ही द्वारका कोण?"

माझं काम चुकलं म्हणतो! तोंडावर चार शब्द आले होते. पण तो खरंच विचारत होता. मी म्हटलं, "लग्नाआधी बाईंचं नाव काय होतं हो?"

तो दुकानाच्या पायरीवर टेकला. मग हळूच म्हणाला, "तिनं का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत का? जा, घरी जाऊन विचारा."

दुपारी जेवताना मी ही सगळी गंमत बायकोला सांगितली. "बारा वर्षं संसार केला आणि बायकोचं नाव ठाऊक नाही! असला कसला नवरा!" हसता हसता मला ठसका लागला.

सगुणेनं पळी खाली ठेवली. "नि माजा काय हुता वो?"

"काय?"

"नाव. सगुणा तं तुमी ठेवलात. त्याच्या आदी काय हुता?"

मी आठवू लागलो. तिचे आईबाप तिला बाय म्हणत. दाभोळचा भाऊ अजून बायच म्हणतो. लग्न ठरताना कुणीतरी नाव घेतलं असणार, पण माझं लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक. बत्तीस वर्षं झाली. घास हातातच राहिला. हरिभाऊंना हसलेलं तोंड आता कुठे लपवू?

"सांग ना," मी म्हटलं.

तिनं पळी उचलून माझ्या ताटात आमटी वाढली. मग म्हणाली, "येसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात केर काढत होती. मी पडवीत उभा राहिलो आणि लाज सोडून हाक मारली, "येसू!"

तिनं केरसुणी थांबवली. माझ्याकडे पाहिलंच नाही. कुंपणाच्या बेड्याकडे वळली, त्या फाटकातून रस्त्यावर नजर टाकली आणि मला विचारलं, "कोन आली वो?"