देव्हाऱ्यातला रोमचा राजा

दुर्गाबाईनं पायरीशी चपला भिरकावल्या आणि थेट नबीभाईच्या हातावर झडप घातली.

"माह्या देवाले चिमट्यात धरून राहिले? सोडा आधी!"

राजापेठेतल्या या दुकानात नबीभाई पितळेची भांडी दुरुस्त करतो. पण कुणाला शेतात-विहिरीत जुनं नाणं सापडलं, की ते ओळखायला माणूस त्याच्याकडेच येतो. सकाळी नांदगाव खंडेश्वरहून श्याम आला, तो घरच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाकच खिशात घालून. आईला न विचारता! काय म्हणावं या अकलेला? पुढच्या बसनं आई हजर.

"बाई, हा टाक नाही. नाणं हाय, कांस्याचं," नबीभाई म्हणाला. "रोमच्या राजाचं, सोळाशे वर्षं जुनं. हे पाहा, डोक्याले मोत्याची पट्टी."

"अन् मागं बानू-म्हाळसा हायेत, त्या दिसत नाही तुमाले?"

"शिपाई हायेत ते दोघं. हातात भाले, मधात निशान." त्यानं भिंग तिच्यापुढं सरकवलं, आणि मग त्याचाही पारा चढला. "राजा कोनता, ते कडेनं लिहिलं असते. इथं एक अक्षर जाग्यावर नाही! घासता कायनं याले?"

"चिंचेनं. दर सणाले. देव का पारोसा ठेवू?"

"या अल्ला! नाव पुसून टाकलं तुमी त्याचं!"

दुर्गाबाईचा चेहरा पडला. पण राग कुठंतरी काढायलाच हवा होता. ती श्यामवर उलटली.

"तू काहून आनलं याले इथं?"

"तीन वर्षं झाले, कापूस बुडून राहिला," श्याम उसळला. "तू रोज याच्यापुढं हात जोडतं. म्हटलं, पाहू तरी, हा हाय कोन!"

दुर्गाबाईनं भिंगातून तो झिजलेला चेहरा बराच वेळ पाहिला.

"नबीभाऊ, याच्या मुलखात याले कोनी दिवा लावते?"

"नाही बाई. कोनीच नाही."

तिनं नाणं उचललं, पदराच्या टोकात बांधलं आणि दातानं गाठ आवळली.

"परमुलखातला जीव. कापसातलं त्याले काय समजन?" ती श्यामला म्हणाली. "तुह्या बापाले सारं समजे. गेला ना आपल्याले टाकून? हा राहिला."

श्याम उठला आणि त्यानं तिच्या भिरकावलेल्या चपला पायरीशी सरळ करून ठेवल्या.