माझ्यावर बसलेलं गाव

मी गावाची सतरंजी बोलतेय. इकडे मला दरी म्हणतात. गोंदियाजवळच्या मुर्रीच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, आमचं गाव आहे. तिथल्या समाजमंदिराच्या कोपऱ्यात सध्या मी गुंडाळलेली पडून असते. माझ्या एका टोकाला उंदरांनी बिऱ्हाड केलंय. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते कुरतडतात, पण निदान जो तो आपल्या मनाने कुरतडतो.

हातमागावर विणलेली मी, लाल-निळ्या पट्ट्यांची, चांगली ऐसपैस. गावाने मला गोंदियाच्या बाजारातून आणलं, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माझ्यासोबत भात शिजवायचे मोठाले गंज होते. आम्ही कोणा एकाचे नाही, सगळ्या गावाचे. ज्याच्या घरी लग्न, बारसं, तेरवी असेल त्याच्या अंगणात आम्ही जायचो. सांभाळायला चुन्नीलाल होता. मायाळू माणूस. मला उन्हात टाकायचा, काठीने झटकायचा, घडीत कडुलिंबाचा पाला घालायचा. कोणी मागायला आलं की "न्या ना जी" म्हणायचा. त्याच्या तोंडून 'नाही' मी ऐकलं नव्हतं.

माणसं मी खालून ओळखते. एकटा माणूस माझ्यावर बसला की पाय पसरतो, खाजवतो, मनातलं बोलून मोकळा होतो. दोघे बसले तरी निभतं. पण सभा भरली की तीच माणसं अंग चोरून बसतात आणि तोंड उघडण्याआधी शेजाऱ्याकडे बघतात. तो शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे बघत असतो.

सुखवंताची गोष्ट तशीच घडली. ती चुन्नीलालची चुलत वहिनी. नवऱ्याच्या तेरवीला मी तिच्याच अंगणात अंथरलेली होते. त्यानंतर तिने एकटीने शेती केली आणि ओमेश्वरीला, एकुलत्या एका लेकीला, वाढवलं.

आषाढात आमच्याकडे गावदेवीचा एक दिवस पाळतात. त्या दिवशी कोणी शेतात पाय ठेवायचा नाही. त्या वर्षी पावसाने दडी मारली होती. सुखवंताचे पऱ्हे, म्हणजे लावणीची धानाची रोपं, जून होत चालले होते. नेमका त्याच दिवशी पाऊस आला, बांधीत पाणी साचलं आणि ती एकटीच रोवणीला उतरली. लपूनछपून नाही, भर दुपारी.

दिवाळीच्या सुमाराला तुडतुडा किडीने साऱ्या गावाचं धान वाळवलं. मग सभा बसली. सभेआधी शालीकराम चुन्नीलालच्या कानाशी लागला.

"मी बी त्या दिवशी बांध फोडून पानी काढलो ना जी. कोनाले दिसलं नाही, बरं झालं."

"मी बी खत टाकलो," चुन्नीलाल हसत म्हणाला. "देवी का तेवढ्यानं कोपते जी?"

दोघंही खुदकन हसले. मलाही बरं वाटलं. म्हटलं, आज सुखवंता सुटली.

मग लीलाधर उठला. गावात बोलायचं काम त्याचंच. तो म्हणाला, "एका घरापायी साऱ्या गावाचा धान गेला. आता गावाची दरी, गावाचा गंज त्या घरी जानार नाही. आन गावबी जानार नाही. कोनाले पटत नसन तं हात वर करा."

सुखवंता माझ्या काठावर बसली होती. तिच्या आजूबाजूची जागा सगळ्यांनी सोडली होती.

चुन्नीलालचा तळवा माझ्यावर टेकलेला होता. तो उचलला गेला. मला कळलं ना, ऊब गेली. वीतभर वर गेला असेल. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि हात परत माझ्यावर ठेवला. शालीकरामचाही तसाच उठला आणि तसाच बसला. इथे, तिथे, मागे, कितीतरी हात उचलले गेले आणि पडले. गुडघ्याच्या वर एकही गेला नाही. लीलाधरला एकही दिसला नाही. "म्हंजे साऱ्यायले मंजूर," तो म्हणाला.

उन्हाळ्यात ओमेश्वरीचं लग्न ठरलं. सुखवंता आमंत्रणाचे पिवळे तांदूळ घेऊन घरोघर फिरली आणि शेवटी चुन्नीलालकडे आली.

"भाऊजी, दरी द्या."

"मी तं देल्लो असतो वहिनी. पन गाव काय म्हनन?"

"गाव म्हंजे कोन जी? एकाचं नाव सांगा. मी त्याच्या घरी जातो, पाय धरतो."

चुन्नीलाल विचारात पडला. "लीलाधर..."

"त्याच्या घरूनच येऊन राहिलो. तो म्हनते, माझी ना नाही, पन गावाले कसं वाटन? शालीकरामबी तेच म्हनला. आता तुमीबी तेच म्हनून राहिले. मंग हा गाव राहते तरी कुठं?"

सुखवंता वळून निघाली. मी चुन्नीलालच्या पाठीमागे गुंडाळलेली उभी होते. मला पाय असते तर मी तिच्यामागे चालत गेले असते.

तिने गोंदियाहून बिछायत भाड्याने आणली. लग्नाच्या दिवशी गावातल्या प्रत्येक दारात माणूस उभा होता, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे प्रत्येकाने लग्नाचे कपडे घातलेले होते. इस्त्रीचे सदरे, नव्या लुगड्यांच्या घड्या मोडलेल्या. कोणीतरी आधी निघावं म्हणून सगळे थांबले होते. चुन्नीलाल नवा फेटा बांधून माझ्याकडे आला, मला आडवं पाडलं आणि माझ्यावर बसला. बँड वाजला, मंगलाष्टकं झाली, वरातीची गाडी गेली. तो उठला नाही. त्याचा घाम माझ्यात मुरला. तो डाग अजून आहे.

पुढच्या सभेत कोणीतरी म्हणालं, "सुखवंतानं गावाले बोलावलंच कुठं? गोंदियाची बिछायत आनली. गावाची दरी तिले चालली नाही."

ज्यांच्या उंबऱ्यावर तिने पिवळे तांदूळ ठेवले होते, त्या सगळ्यांनी माना हलवल्या. चुन्नीलालनेही हलवली. खोटं बोलतोय असंही त्याला वाटत नव्हतं. त्याचा हात या वेळी माझ्यावरून तसूभरही उचलला गेला नाही.

तेव्हापासून मला उन्हात टाकलं तरी माझा कुबट वास जात नाही. मला आता एवढंच मागायचंय. मला सभेला अंथरू नका. कात्री आणा, माझे तुकडे करा आणि घरोघर एकेक तुकडा न्या. संध्याकाळी दार लावून, एकट्याने, त्यावर बसा. मग त्या सभेत अर्ध्यातच पडलेला तो हात पुन्हा उचला. बघणारं कोणी नसेल. ज्या सुखवंतासाठी तो उचलायचा होता, तीही नसेल.