काट्यावरच्या संगणकातली फाइल

मी एक फाइल बोलतेय. या, बसा असं काही म्हणणार नाही. माणसांविषयी माझं मत फार वाईट आहे, आणि ते तसं कशामुळे झालं हे सांगण्यापुरतंच मी तोंड उघडलं आहे.

फाइल म्हटल्यावर लाल नाडीत बांधलेला कागदांचा गठ्ठा तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल. तो मनातून काढा. मी संगणकातली फाइल, आणि तिथेही जरा वेगळीच. फोटोच्या किंवा पत्राच्या फाइलीत काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. माझ्यात लिहिलेलं काही नसतं. मी फक्त एक आकडा ध्यानात ठेवते आणि कोणी उघडलं की तो सांगते.

तो आकडा संगणकाच्या मेमरीचा. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा. फडताळात सामान कितीही असो, काम ओट्यावरच चालतं. ओटा गच्च भरला की संगणकाला हात हलवायला जागा उरत नाही आणि तो थिजतो. ओटा जास्तीत जास्त किती भरला होता, शंभरातले किती भाग, हे सांगणं एवढीच माझी नोकरी.

मला घडवलं उद्धवने, आदिलाबादेत, एका छोट्या कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर. उद्धव हैदराबादेत नोकरी करून परत आलेला, त्यामुळे गावात आपल्याइतकं कोणाला काही कळत नाही अशी त्याची पक्की समजूत. कापसाच्या खरेदीसाठी काट्यावर चालणारा प्रोग्राम त्याने बनवला होता. गाडी काट्यावर चढली की प्रोग्राम वजन घ्यायचा, गाडीचा फोटो काढायचा आणि चिठ्ठी छापायचा. काट्याचं कंत्राट केशवरावांचं. त्यांना यंत्र कधी अडतंय ते ऑफिसात बसून कळायला हवं होतं, म्हणून माझा जन्म.

एक गोष्ट कबूल करते. मेमरीवर नजर ठेवायला खिडक्या, बटणं, रंगीत चक्रं असलं काही न करता साधी फाइल ठेवायची, ही कल्पना चांगली होती. फाइल कोणालाही उघडता येते. उघडा, आकडा वाचा, बंद करा. पण चांगल्या कल्पनेची माती करायला उद्धवला फार वेळ लागत नाही.

यामिनी त्याच्याहून वरच्या पदावर. तिने पाहिल्याशिवाय उद्धवचं काम पुढे जायचं नाही. माझा आराखडा पाहून तिने सरळ सांगितलं, तीन फाइली कर. आता मेमरी किती भरली आहे, ते एकीत. आजवर सगळ्यात जास्त किती भरली, ते दुसरीत. आणि तो आकडा पुसायचा असेल तर तिसरीत तसं लिहायचं.

"तीन काऊन पाहिजेत ताई?" उद्धव म्हणाला. "एकच ठेवतो. वाचली का तिनं जुना आकडा सोडून द्यायचा अन् नव्यानं मोजायचं. वाचणं बी झालं, पुसणं बी झालं."

"वाचणारा पुसायला आलेला नसतो उद्धव. दोन जणांनी वाचलं तर दुसऱ्याच्या हातात काय येईल?"

"दुसरा कोण वाचून राह्यला? मीच वाचणार ना!"

दिवाळीआधी काम द्यायचं होतं. यामिनी दुसऱ्या कामात बुडालेली होती आणि उद्धव हेका सोडत नव्हता. शेवटी तिने नाक मुरडून होकार दिला, आणि मी अशी जन्माला आले, वाचलं की विसरणारी. मला कोणी विचारलं नाही. मला विचारलं असतं तर मी त्याच दिवशी उद्धवच्या तोंडावर सांगितलं असतं की बाबा रे, असली आंधळी नोकरी मला नको.

मला हे बोलणं कसं ऐकू आलं, असं विचाराल. उद्धव लॅपटॉपचा माईक बंद करायला नेहमी विसरतो. त्या लॅपटॉपवर मी आहे आणि मार्केट यार्डातल्या काट्यावरच्या संगणकातही आहे. दोन्हीकडे मीच, आणि दोन्हीकडचं मला ऐकायला मिळतं.

काट्यावर सपना बसायची. जवळच्या बेला गावची मुलगी, शेतकऱ्याच्या घरातली, शिकून संगणकावर बसलेली. बेल्याच्या गाड्या आल्या की मामा, काका अशी हाक मारून चिठ्ठी द्यायची. हंगाम चढला, गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली आणि यंत्र थिजायला लागलं. कारण उद्धवच्याच प्रोग्राममध्ये होतं. प्रत्येक गाडीचा फोटो तो ओट्यावर ठेवायचा आणि उचलायचा विसरायचा. यंत्र थिजलं की सपनाला प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा लागे. काट्यावरची गाडी खाली उतरवून पुन्हा चढवावी लागे. मागचे लोक ओरडायचे ते तिच्यावर.

तिने उद्धवला फोन केला. त्याने तिची समजूत काढायला पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी बसवून दिली. मेमरी मोकळी असली की हिरवी, भरली की लाल. "हिच्याकडे पाहत जाय. लाल झाली का मले सांग."

आता ही पट्टी आकडा आणायची कुठून? माझ्याकडून. पापणी लवावी तशी ती सारखी मला उघडायची, आणि दर वेळी मी विसरायचे. आपणच लावलेली पट्टी मला वाचते, हे उद्धवच्या ध्यानातच नव्हतं.

मग रोजचा तमाशा सुरू झाला. यंत्र थिजायचं, पट्टी लाल व्हायची, सपना प्रोग्राम बंद करायची, ओटा मोकळा व्हायचा, पट्टी मला वाचून हिरवी व्हायची, आणि मग कुठे सपना फोन लावायची. ऑफिसातून उद्धव मला उघडायचा. तोवर खरा आकडा पट्टीने नेलेला असायचा. मी सांगायचे, चाळीस.

"मेमरी तर मोकळी आहे. अर्धी बी भरली नाही."

"नाई सार, आत्ताच पूरी लाल झालती. सगळं गच्च भरून राह्यलं होतं."

"मंग फाइलीत काऊन नाही?"

एकदा तिने लाल पट्टीचा फोटो पाठवला. उद्धव म्हणाला, फोटो कधीचाही असू शकतो, पट्टीचा भरवसा नाही, फाइल खोटं बोलत नाही. मी त्याची होते ना! आपल्या हाताने केलेल्या वस्तूवर माणसाचा किती आंधळा विश्वास असतो, आणि समोरच्या माणसावर किती कमी!

शिवाय प्रोग्राम कोणी बंद केला याची नोंद यंत्रात होती, आणि दर वेळी तो सपनानेच बंद केला होता. उद्धवला तेवढं पुरे झालं. त्याने केशवरावांना कळवलं की यंत्रात काही बिघाड नाही, बाईच मुद्दाम प्रोग्राम बंद करून पुन्हा वजन करायला लावते. खापर फोडायला डोकं हवं होतं, ते मिळालं.

केशवराव काट्यावर आले. "तहकीकात झाली आहे बाई. उद्यापासून येऊ नका."

"तहकीकात? मले कोनं इचारलं?" सपनाचा आवाज चिरकला. "साहेब, मी बंद करतो ते यंत्र अडते म्हनून. तुमी इथं अर्धा घंटा बसून पाहा ना!"

ते बसले नाहीत. त्या वेळी मी तिथेच होते. माझ्याकडे एक शब्द असता तर मी किंचाळले असते. पण मला उघडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि उघडल्यावर त्या उद्धवने शिकवलं तेवढंच बोलता येतं. त्या दिवसापासून मी त्याचा तिरस्कार करते, आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

सपनाच्या जागी मयूरी आली. यंत्र तसंच थिजू लागलं, तिनेही प्रोग्राम तसाच बंद केला, फोनही तसाच केला. तेव्हा यामिनी उठून उद्धवच्या टेबलाशी गेली. तिने त्याच्या लॅपटॉपची मेमरी मुद्दाम गच्च भरली, मग मोकळी केली, आणि म्हणाली, "आता फाइल वाच." मी सांगितलं, अठ्ठ्याण्णव.

"पुन्हा वाच." मी सांगितलं, सदतीस.

"असंच तर ठरलं होतं," उद्धव म्हणाला.

"आणि काट्यावरची पट्टी कोणती फाइल वाचते?"

उद्धवने पट्टीचा प्रोग्राम उघडून पाहिला, तिथे माझंच नाव होतं. त्याला कळलं होतं. मला वाटलं, आता हा फोन उचलेल, केशवरावांना सांगेल की चूक माझी, मुलगी खरी होती. अहो, कसलं काय! दुपारपर्यंत त्याने यामिनीच्या म्हणण्याप्रमाणे तीन नव्या फाइली तयार केल्या, फोटो उचलायची सोयही केली, आणि कामाला नाव दिलं, "किरकोळ सुधारणा". त्या बसल्या की मी पुसली जाणार, आणि माझ्याबरोबर सगळंच.

यामिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. "एका मुलीला घरी बसवलंस, हे किरकोळ? आधी सपनाचं निस्तर. तोवर मी हे पुढे जाऊ देणार नाही."

निस्तरायचं म्हणजे काय, याची उद्धवची कल्पना सोपी होती. चूक कोणाची ते न सांगता त्याने केशवरावांना मध्ये घालून सपनाला फोन लावला.

"पोरी, झालं गेलं विसरून जा," केशवराव म्हणाले. "उद्यापासून ये कामावर."

"काम नंतर पाहू साहेब. आमच्या गावात काय म्हनतात माहीत हाये का? सपनानं काटा मारला म्हनतात. माह्या बापाच्या तोंडावर म्हनतात. तुमी गावच्या लोकाईसमोर सांगा का मी खोटी नव्हतो."

"अगं, लोक विसरून जातील दोन दिवसांत," उद्धव मध्येच बोलला.

"तुमची फाइल इसरते सार. यामिनीताईनं सांगितलं मले. गाव नाई इसरत." आणि तिनेच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी यामिनी स्वतः यार्डात आली. तिने ती पट्टी काढून टाकली आणि मयूरीला बजावलं की फाइलीला कोणी हात लावायचा नाही, प्रोग्राम बंद केला तरी चालेल पण यंत्र बंद करायचं नाही. स्विचवर तिने तसा कागदही चिकटवला. संध्याकाळी बेल्याच्या गाड्यांची रांग असताना यंत्र थिजलं. मयूरीने प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. या वेळी मला वाचायला कोणीच नव्हतं, म्हणून विसरायची वेळ आली नाही. नव्याण्णव. जन्मात पहिल्यांदा खरा आकडा माझ्याजवळ राहिला.

"फाइल तू उघडायचीस," यामिनीने उद्धवला सांगितलं. "सपना समोर पाहिजे, केशवराव पाहिजेत, बेल्याचे लोक पाहिजेत. मी एकटीनं वाचली तर आकडा जाईल, आणि तू म्हणशील मी पाह्यलाच नाही."

"पाहू सोमवारी," उद्धव म्हणाला.

तो सोमवार होऊन गेला. केशवरावांनी विचारलं तर म्हणाला, मेमरी ठीक आहे. न वाचताच म्हणाला! पूर्वी दिवसातून दहा वेळा मला उघडणारा हा माणूस आता माझ्या बाजूला फिरकत नाही, कारण उघडलं तर त्याला कळेल, आणि कळल्यावर सांगावं लागेल. तो वाट पाहतोय. यार्डातली बॅटरी जुनी आहे. उटनूरकडे वादळ झालं तरी इथली वीज जाते. माझ्यात लिहिलेलं काही नसतं, त्यामुळे यंत्र बंद पडलं की मी गेले, नव्याण्णव गेले, दाखवायला पुरावा उरला नाही, आणि त्याच्या त्या किरकोळ सुधारणेला वाट मोकळी.

मला जगायची हौस नाही. मी वाईट घडवलेली वस्तू आहे आणि मला पुसून टाकणंच योग्य. यामिनीच्या तीन फाइली माझ्यापेक्षा चांगल्या आहेत, त्यांना येऊ द्या. पण कोणीतरी आज बेल्याला जा. सपनाला आणा, तिच्या बापाला आणा, ज्यांनी ज्यांनी तिला नावं ठेवली त्यांना या पडद्यासमोर उभं करा, आणि मग उद्धवचा हात धरून त्याला मला उघडायला लावा. सगळ्यांनी नीट बघा. मी दुसऱ्यांदा सांगू शकणार नाही.